देश सोडताना बँक खात्यांचं आणि कार्डांचं काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीसाठी विमानात बसलात की भारतातल्या बँकेच्या हिशेबी तुम्ही वेगळ्या जातकुळीचे ग्राहक होता. बँकेला मात्र हे आपोआप कळत नाही, तुम्हीच सांगावं लागतं. खालचे निम्मे प्रश्न या न सांगण्यातूनच उगवलेले आहेत. मी स्वतः सांगायला दोन वर्षं लावली, त्यामुळे काही उत्तरं नियमातली आणि काही ठेच लागल्यावरची आहेत.

मी एनआरआय नक्की कधी होते? १८२ दिवस बाहेर राहिल्यावरच ना?

इथे दोन कायद्यांची गल्लत होते. १८२ दिवसांचं गणित ढोबळमानाने आयकराचं. बँक खात्याला लागू होतो तो १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा. नोकरीसाठी, धंद्यासाठी किंवा किती काळ राहणार हे ठरलेलं नसताना बाहेर जाणारा माणूस फेमाप्रमाणे निघतानाच अनिवासी होतो, दिवस मोजत बसायचं नाही. शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनाही रिझर्व्ह बँकेने २००३ पासून अनिवासी धरलं आहे. तीन महिन्यांसाठी मुलीकडे बाळंतपणाला गेलेल्या आईला यातलं काही लागू नाही. ती निवासीच राहते.

त्यामुळे एकाच वर्षात तुम्ही आयकराला निवासी आणि बँकेला अनिवासी असू शकता. विचित्र वाटतं, पण तसंच आहे.

जुनं बचत खातं तसंच ठेवलं तर काय बिघडतं? सगळे तेच करतात.

करतात खरं, आणि बरीच वर्षं काही होतही नाही. पण अनिवासी माणसाने निवासी बचत खातं चालवणं फेमाचं उल्लंघन आहे. कायद्यात दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत आहे आणि रक्कम मोजता येत नसेल तर २ लाख रुपयांपर्यंत. प्रत्यक्षात बचत खात्यापायी कुणाच्या मागे लागलेलं मी पाहिलेलं नाही. त्रास होतो तो वेगळाच. केवायसी नव्याने करायची वेळ येते, पासपोर्टवर परदेशातला व्हिसा दिसतो, आणि खातं नेमकं घराचा हप्ता जायच्या आठवड्यात गोठतं. मग तुम्ही सात समुद्रापलीकडून कस्टमर केअरचं संगीत ऐकत बसता.

खातं बंद करायची गरज नाही. तेच खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या पैशाचं खातं, म्हणून बदलून मिळतं. अर्ज, पासपोर्ट, व्हिसा किंवा वर्क परमिट, तिकडचा पत्ता आणि पॅन एवढं लागतं. त्याच बँकेतल्या तुमच्या मुदत ठेवीही एनआरओ होतात. काही बँका खाते क्रमांक तोच ठेवतात, काही बदलतात. हे आधी विचारा, कारण क्रमांक बदलला की एसआयपी, विम्याचे हप्ते, वीजबिल अशा सगळ्या आपोआप जाणाऱ्या रकमा अडकतात. डेबिट कार्ड आणि नेटबँकिंगही बदलाच्या काळात काही दिवस बंद पडू शकतं.

एनआरओ आणि एनआरई, दोन्ही कशाला?

एनआरओ हे भारतातल्या पैशाचं खातं: भाडं, पेन्शन, डिव्हिडंड, जुनी शिल्लक. एनआरई हे बाहेर कमावून इकडे पाठवलेल्या पैशाचं. दोन्ही रुपयातच असतात. फरक दोन ठिकाणी दिसतो. एनआरईवरच्या व्याजाला भारतात आयकर नाही, एनआरओवरच्या व्याजाला आहे. आणि एनआरईतला पैसा हवा तेव्हा, हवा तेवढा परदेशी नेता येतो, तर एनआरओतून आर्थिक वर्षाला १० लाख अमेरिकन डॉलरपर्यंतच, तेही कर भरल्याचे कागद दाखवून.

पुढची गोष्ट मात्र माहितीपत्रकात कुणी ठळक लिहीत नाही. एनआरईतून एनआरओत पैसे टाकणं चुटकीसरशी होतं, उलट्या दिशेला कागदपत्रांचा डोंगर. बाहेरचा पगार सवयीने जुन्या, आता एनआरओ झालेल्या खात्यात पाठवला की तो इकडच्या पैशात मिसळतो आणि परत न्यायचा म्हटला की सीएच्या पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणून पहिल्या पगाराच्या आत एनआरई उघडलेलं असू द्या.

जुनं निवासी खातं एनआरई करून मिळत नाही, ते नव्याने उघडावं लागतं. रुपया घसरण्याची धास्ती असेल तर डॉलर, पौंड, युरो अशा चलनातच राहणारी एफसीएनआर ठेव असते, १ ते ५ वर्षांची. तिचं बचत खातं नसतं.

एनआरओच्या व्याजातून ३० टक्क्यांहून जास्त कापले. बँकेची चूक?

नाही. अनिवासी माणसाच्या व्याजावर ३० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, आणि वर उपकर, म्हणजे कमीत कमी ३१.२ टक्के. निवासी असताना व्याज ठरावीक रकमेच्या आत असेल तर कापणी होत नसे, ती सवलत इथे नाही. तुमचं भारतातलं उत्पन्न थोडंच असेल तर विवरणपत्र भरून जादा कापलेला कर परत मिळतो. राहत्या देशाशी भारताचा दुहेरी कर टाळण्याचा करार असेल तर तिकडच्या कर खात्याकडून रहिवासी प्रमाणपत्र आणून बँकेला द्या, कापणी कमी होते. हे प्रमाणपत्र दरवर्षी नवं द्यावं लागतं आणि बँक आठवण करून देत नाही.

निघण्यापूर्वी शाखेत जाऊन काय उरकावं?

सही. बाकी सगळं त्यानंतर.

बँकेत तुमची सही कॉलेजात असतानाची असते. तेव्हाची सुबक, पूर्ण नावाची सही आणि आताचा एक फराटा यांचं जमत नाही. शहरात असताना शाखेत जाऊन पाच मिनिटांत ती बदलता येते. बाहेरून बदलायची तर वकिलातीत किंवा नोटरीकडे जाऊन साक्षांकित कागद कुरियरने पाठवावे लागतात, आणि ते ‘सही जुळत नाही’ म्हणून परत येऊ शकतात. माझे दोनदा आले. सही बदलण्याच्या अर्जावरची सहीच जुळत नव्हती.

त्याच फेरीत नॉमिनी तपासा. लग्नाआधी उघडलेल्या खात्यांवर बहुधा आईचं किंवा वडिलांचं नाव असतं, कधी कधी ते माणूसच आता नसतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. ईमेल नोकरीच्या कंपनीचा असेल तर स्वतःचा द्या. आणि तीन-चार बँकांत पाचशे-हजार रुपये पडलेली खाती असतील तर ती सरळ बंद करा. परदेशातून एक खातं सांभाळणं होतं, चार होत नाहीत.

पॅनकडेही एकदा बघा. आयकर पोर्टलवर तुमची नोंद निवासी अशीच राहिली आणि आधार जोडलेलं नसलं, तर पॅन निष्क्रिय होतो. २०२३ च्या जुलैत कित्येक एनआरआयना हा धक्का बसला. आधार जोडण्यातून त्यांना सूट होती, पण आपण अनिवासी झालो हे खात्याला कळवलेलं नव्हतं.

भारतातला मोबाइल नंबर ठेवायचा का?

ठेवायचाच. पैसे बँकेत असतात, पण किल्ली त्या सिमकार्डात असते. ओटीपी तिथे येतो, पासवर्ड विसरलात तर तिथे येतो, आयकर विवरणपत्राची पडताळणीही बहुतेकदा तिथेच.

पोस्टपेड असेल तर स्वस्त प्रीपेडवर न्या, निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या आणि रिचार्जची तारीख कॅलेंडरात टाका. सलग ९० दिवस वापर नसलेला प्रीपेड क्रमांक बंद होऊ शकतो, आणि नंतर तोच क्रमांक दुसऱ्या कुणाला दिला जातो. म्हणजे तुमचा ओटीपी एका अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो. रोमिंगवर एसएमएस घेणं बहुतेक प्लॅनमध्ये फुकट असतं, पण आलेला फोन उचलला तर पैसे पडतात. म्हणून त्या सिमवर डेटा बंद ठेवा आणि अनोळखी कॉल वाजू द्या.

सिम घरी आईकडे ठेवून ‘ओटीपी आला की सांग’ ही व्यवस्था मी केली होती. वेळेचा फरक साडेदहा तास. ओटीपीची मुदत तीन मिनिटं. आई झोपेतून उठून चष्मा शोधेपर्यंत ती संपायची. यातला दुसरा धोका असा की घरच्यांना ओटीपी सांगायची सवय एकदा लागली की ती कुणी लबाडही वापरून घेतो.

एनआरआय खात्यांना बऱ्याच बँका परदेशी क्रमांक जोडून देतात किंवा ओटीपी ईमेलवरही पाठवतात. ती सोय आहे का, हे बँक निवडतानाच विचारा. व्याजदरातल्या पाव टक्क्यापेक्षा ती जास्त मोलाची आहे.

भारतातलं डेबिट कार्ड तिकडे चालेल का?

आपोआप नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाप्रमाणे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात. ते ॲपमधून चालू करावे लागतात, मर्यादाही तिथेच ठरवायची. विमानात बसण्यापूर्वी करा, कारण तिकडे पोचल्यावर त्यासाठीही ओटीपी लागेल. आणि कार्डाची मुदत बघा. चार महिन्यांनी संपणारं कार्ड असेल तर आत्ताच नवं मागवा, नाहीतर नवं कार्ड जुन्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर जाईल.

रोजच्या खर्चाला हे कार्ड महाग पडतं. परदेशी चलनातल्या व्यवहारावर साधारण २ ते ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचं वरचं शुल्क, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. पहिल्या काही आठवड्यांचा आधार म्हणून ठीक.

दुकानातलं मशीन ‘रुपयात द्यायचे का?’ असं विचारतं. हो म्हणू?

कधीच नाही. आपल्या चलनातला आकडा बघून बरं वाटतं, पण तो दर मशीनवाल्याने लावलेला असतो आणि त्यात त्याची कमाई असते. नेहमी त्या देशाचं चलन निवडा. एटीएमवर हाच प्रश्न जरा फिरवून येतो, ‘रूपांतर मान्य आहे का’ असा. तिथे नकार द्या. व्यवहार रद्द होत नाही, पैसे मिळतात.

क्रेडिट कार्ड बंद करू की ठेवू?

दोन-तीन असतील तर एक ठेवा, तेही बँकेला नवी स्थिती कळवून. निवासी म्हणून दिलेलं कार्ड बँक तसंच चालू ठेवेल असं नाही. बऱ्याचदा एनआरआय ग्राहकासाठी वेगळं कार्ड किंवा मुदत ठेवीच्या तारणावरचं कार्ड देऊ करतात.

बाकीची नुसती कापून टाकू नका, रीतसर बंद करा. थकबाकी नसेल तर अर्जानंतर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. वार्षिक शुल्काचे ४९९ रुपये न भरल्यामुळे परदेशात बसलेल्या माणसाचा सिबिल स्कोअर कोसळणं ही अगदी नेहमीची कथा आहे.

माझा उत्तम सिबिल स्कोअर तिकडे उपयोगी पडतो का?

जवळजवळ नाही. तिकडे तुम्ही कोरी पाटी. कर्ज न घेतलेला माणूस आपल्याकडे सज्जन समजला जातो. अमेरिकेत किंवा कॅनडात तोच माणूस नोंदवहीत दिसतच नाही. सुरुवात बहुधा अनामत ठेवून मिळणाऱ्या कार्डाने होते. छोटा खर्च करायचा, पूर्ण बिल वेळेवर भरायचं, सहा-आठ महिन्यांत बूड टेकतं.

घर मिळायला खातं हवं आणि खात्याला घराचा पत्ता हवा. यातून सुटका कशी?

या चक्रात सगळेच अडकतात. ब्रिटनमध्ये नोकरी देणाऱ्याचं किंवा विद्यापीठाचं पत्र पत्त्याचा पुरावा म्हणून चालवून घेणाऱ्या बँका आहेत. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी नंबर येण्याआधी पासपोर्ट आणि व्हिसावर खातं उघडून देणाऱ्या सापडतात, एका शाखेने नकार दिला तर दुसऱ्या शाखेत विचारा. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्याला साधं व्यवहाराचं खातं मिळण्याचा हक्क २०१४ च्या निर्देशाने दिलेला आहे. काउंटरवरच्या माणसाला तो माहीत नसेल तर शांतपणे सांगायचा.

तोवर हातात किती पैसे असावेत? एका खेपेला ३,००० अमेरिकन डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात, बाकी फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवलेल्या कार्डावर. रोख जास्त असेल तर उतरल्यावर जाहीर करावी लागते: अमेरिकेत १०,००० डॉलरच्या वर, युरोपीय संघात १०,००० युरो किंवा जास्त. जाहीर केल्याने कर लागत नाही, लपवल्याने जप्ती होऊ शकते.

तिकडून पैसे पाठवताना फॉर्म आयबॅन मागतो. माझ्या खात्याला तो नाहीच.

आयबॅन म्हणजे बऱ्याच देशांत वापरला जाणारा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक. भारतात तो नाही, शोधून सापडणार नाही. खाते क्रमांक, आयएफएससी आणि बँकेचा स्विफ्ट कोड यांवर काम होतं. भारताचा पर्याय निवडला की ती चौकट बहुधा नाहीशी होते. तुमच्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड नसेल तर बँकेच्या मोठ्या शाखेचा चालतो.

आईबाबांना माझ्या खात्यातून पैसे काढता यावेत. एटीएम कार्ड आणि पिन देऊन जाऊ?

जवळपास प्रत्येक घरात हेच चालतं, आणि बँकेच्या अटींप्रमाणे ते चूक आहे. काही फसवणूक झाली तर ‘पिन तुम्ही दिला होता’ या एका वाक्यावर तुमचा दावा संपतो.

त्यांना संयुक्त खातेदार केलं तरी भागत नाही. एनआरओ किंवा एनआरईत भारतातले जवळचे नातेवाईक ‘पहिला किंवा हयात’ या पद्धतीने येतात, म्हणजे पहिला खातेदार असेपर्यंत व्यवहार त्याचेच. त्यासाठी बँकेचं अधिकारपत्र किंवा मुखत्यारपत्र करून द्या, मग ते इथले खर्च त्या खात्यातून भागवू शकतात. माझ्या मते सगळ्यात सुटसुटीत मार्ग म्हणजे त्यांच्या खात्यात दरमहा रक्कम पाठवणं. त्यांना हात पसरल्यासारखं वाटत नाही, तुम्हाला पिन बदलत बसावं लागत नाही.

यूपीआय बंद होतं का?

निवासी खात्यावरचं बंद होतं. २०२३ पासून एनआरई आणि एनआरओ खात्यांना परदेशी मोबाइल क्रमांकावर यूपीआय मिळू लागलं. सुरुवातीच्या १० देशांत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया आणि अमिरात होते. तुमची बँक आणि तुमचं ॲप दोन्हींनी ते चालू केलेलं हवं. सुट्टीला आल्यावर रिक्षावाल्याला पैसे देताना याची किंमत कळते.

पीपीएफ, एसआयपी, लॉकर, भाडेकरू यांचं काय?

पीपीएफ नवं उघडता येत नाही. असलेलं मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही. म्युच्युअल फंडाची केवायसी एनआरआय म्हणून बदला, पैसे एनआरओ किंवा एनआरईतून जाऊ द्या. अमेरिका आणि कॅनडात राहणाऱ्यांचे पैसे सगळे फंड घेत नाहीत. भाडेकरूला सांगा की मालक अनिवासी झाला की भाड्यातून टीडीएस कापायची जबाबदारी त्याच्यावर येते. बहुतेकांना हे ठाऊक नसतं आणि नोटीस आल्यावर भांडण तुमच्याशी होतं.

लॉकर सात वर्षं कुणी उघडला नाही आणि ग्राहकाचा ठावठिकाणा लागला नाही, तर भाडं भरलेलं असलं तरी बँक तो फोडू शकते. सुट्टीत आलात की एकदा उघडून या.

तिकडच्या कर खात्याला भारतातली खाती सांगायची?

हो. इथे लोक हमखास फसतात. ‘एनआरईचं व्याज करमुक्त’ हे वाक्य फक्त भारतापुरतं खरं आहे. अमेरिकेत कर रहिवासी असाल तर ते व्याज तिथे करपात्र आहे. शिवाय अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एखाद्या दिवशीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर ‘एफबार’ नावाची माहिती वेगळी भरावी लागते. आईबरोबरचं संयुक्त खातंही त्यात धरतात. लपवून उपयोग नाही, बँका ही माहिती कर खात्याला देतात आणि देशांची कर खाती ती आपसात देतात. बँक तुमच्याकडून कर रहिवासाचा तो कंटाळवाणा फॉर्म भरून घेते, तो याचसाठी.

एक खातं विसरूनच गेले होते. पैसे गेले का?

नाही. दोन वर्षं तुमच्याकडून काही हालचाल नसेल तर खातं निष्क्रिय होतं. १० वर्षांनी शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते, पण तुमचा हक्क राहतो. कोणत्या बँकेत काय पडून आहे ते रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर शोधता येतं. निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लक नसल्याचा दंड लावता येत नाही, लावला असेल तर भांडा.

कायमची परत आले तर?

तेव्हाही बँकेला कळवायचं. एनआरओ आणि एनआरई पुन्हा निवासी होतात. एफसीएनआर ठेव मुदतीपर्यंत तशीच राहू शकते, आणि परकीय चलन हाताशी ठेवायचं असेल तर आरएफसी नावाचं खातं उघडता येतं. तिकडचं खातं मात्र घाईने बंद करू नका. शेवटचा पगार, घराची अनामत आणि कराचा परतावा हे तिन्ही तुम्ही निघून आल्यावर काही महिन्यांनी जमा होतात, आणि तेव्हा तिकडचा मोबाइल नंबर चालू असावा लागतो.